संगणकशास्त्रातील जागतिक संशोधनाचा विस्तार: मराठवाड्यातील विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, जालना, धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतील बी.एस्सी., बी.सी.ए., एम.सी.ए. आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी संशोधनाविषयी जे प्रश्न वर्गात आणि प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत असते, ती म्हणजे हे क्षेत्र चार-दोन बड्या कंपन्यांच्या हाती असून तिथे आपल्याला जागा नाही. ही समजूत मला चुकीची वाटते, आणि ती का चुकीची आहे हे प्रत्यक्ष उदाहरणांनीच दाखवलेले बरे.

आजचे संगणकशास्त्रातील संशोधन म्हणजे प्रामुख्याने कृत्रिम बुद्धिमत्ताच ना?

नाही; पण तसे का वाटते हे समजू शकते. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या ॲलेक्सनेट या न्यूरल नेटवर्कने चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत इतरांना फार मागे टाकले, २०१७ मध्ये गूगलमधील संशोधकांनी ट्रान्सफॉर्मर ही रचना मांडली, आणि २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल जॉन हॉपफिल्ड व जेफ्री हिंटन यांना, तर रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा प्रथिनांच्या रचनेचे भाकीत करणाऱ्या अल्फाफोल्डसाठी डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना मिळाला. वर्तमानपत्रांत रोज याच बातम्या येत असल्यामुळे बाकीचे सारे काम थांबले असावे, असा समज होणे साहजिक आहे.

आता संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार पाहा. २०२० चा पुरस्कार कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारे साधन) व प्रोग्रॅमिंग भाषांच्या सिद्धांतासाठी आल्फ्रेड आहो आणि जेफ्री उलमन यांना मिळाला, २०२१ चा महासंगणकांवरील संख्यात्मक अल्गोरिदमसाठी जॅक डोंगारा यांना, २०२२ चा संगणक एकमेकांना जोडणाऱ्या इथरनेटसाठी बॉब मेटकाफ यांना आणि २०२३ चा गणनेतील यादृच्छिकतेवरील सैद्धांतिक कामासाठी आवी विग्डर्सन यांना. यंत्राने अनुभवातून शिकण्याच्या पद्धतींचा मान त्यानंतर, म्हणजे २०२४ मध्ये, अँड्र्यू बार्टो आणि रिचर्ड सटन यांच्या रूपाने झाला. कॉर्नेल विद्यापीठाकडून चालवल्या जाणाऱ्या अर्काइव्ह या खुल्या संग्रहात संगणकशास्त्राखाली सुमारे ४० उपविभाग आहेत. कृत्रिम बुद्धिमत्ता, यंत्रशिक्षण, भाषाप्रक्रिया आणि संगणकीय दृष्टी या विभागांत गर्दी सर्वाधिक असली, तरी ते या यादीतले मोजकेच विभाग आहेत.

मग या सगळ्या शाखा लक्षात कशा ठेवाव्यात?

यादी पाठ करण्यापेक्षा प्रत्येक शाखा कोणता प्रश्न विचारते हे पाहावे. सैद्धांतिक संगणकशास्त्र विचारते की काय मोजता येते, काय येत नाही आणि मोजायला किमान किती श्रम पडतात. संगणक रचना, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क आणि डेटाबेस या शाखा विचारतात की हजारो यंत्रे एकत्र चालवताना त्यांतली काही बंद पडली तरी काम सुरू कसे ठेवायचे. प्रोग्रॅमिंग भाषांचे संशोधक प्रोग्रॅमरच्या हातून चूक होऊच नये अशी भाषा घडवू पाहतात, आणि सुरक्षेचे संशोधक मुद्दाम चूक शोधणारा शत्रू गृहीत धरतात. माणूस आणि संगणक यांच्यातील व्यवहार अभ्यासणारी शाखा निराळीच आहे. तिच्यात प्रयोग माणसांबरोबर होतात, आणि ज्याला वाचता येत नाही किंवा दिसत नाही त्याला यंत्र कसे वापरता येईल हा तिथे पहिल्या रांगेतला प्रश्न आहे. त्याखेरीज जीवशास्त्र, हवामान, खगोलशास्त्र, अर्थशास्त्र यांच्या हद्दीवर चालणारे काम आहे, आणि माझ्या मते पुढची अनेक वर्षे सर्वांत फलदायी ठरतील असे प्रश्न याच हद्दीवर आहेत.

संगणकाशिवाय, केवळ वही-पेनावर होणारे संशोधन खरेच असते का?

असते, आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्यांपर्यंत त्याची माहिती सर्वांत कमी पोहोचते, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

दोन अंकी संख्यांचा गुणाकार घ्या: ४७ गुणिले ३२. शाळेत शिकवलेल्या रीतीने यात एकेक अंकाचे चार गुणाकार करावे लागतात. आता दुसरी रीत पाहा. दशकांचा गुणाकार ४ × ३ = १२, एककांचा गुणाकार ७ × २ = १४, आणि दोन्ही संख्यांच्या अंकांच्या बेरजांचा गुणाकार ११ × ५ = ५५. या ५५ मधून १२ आणि १४ वजा केले की २९ उरतात. मग १२०० + २९० + १४ = १५०४, हे उत्तर. चाराऐवजी तीन गुणाकारांत काम झाले. दोन अंकांसाठी हा फायदा नगण्य आहे, परंतु लाखो अंकांच्या संख्येचे दोन भाग पाडून प्रत्येक पातळीवर हीच युक्ती वापरली, तर एकूण श्रम कितीतरी कमी होतात. १९६० मध्ये मॉस्कोत आंद्रेई कोल्मोगोरोव्ह या थोर गणितज्ञाने एका चर्चासत्रात असा अंदाज मांडला होता की शाळेतल्या रीतीपेक्षा मुळातून वेगवान रीत असूच शकत नाही. अनातोली कारात्सुबा या २३ वर्षांच्या विद्यार्थ्याने आठवडाभरातच वरची रीत शोधून तो अंदाज खोटा ठरवला. १९७१ मध्ये शोनहागे आणि स्ट्रासेन यांनी आणखी वेगवान रीत दिली आणि याहून चांगले काय शक्य असावे याचा अंदाजही वर्तवला. तो अंदाज गाठणारा अल्गोरिदम २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डेव्हिड हार्वी आणि फ्रान्समधील योरिस व्हान डर हूवेन यांनी मांडला. याहूनही कमी श्रमांत गुणाकार होणारच नाही, हे मात्र अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. चौथीच्या पुस्तकातला गुणाकार हा आजही चालू संशोधनाचा विषय आहे.

भारतातले उदाहरण याहून जवळचे आहे. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे खात्रीने आणि व्यवहार्य वेळेत ठरवता येते, असे आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्याच वर्षी बी.टेक. झालेले नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी ऑगस्ट २००२ मध्ये सिद्ध केले. त्या कामाला २००६ चा गोडेल पुरस्कार मिळाला. कोणतेही महागडे यंत्र त्यासाठी लागले नव्हते.

या शाखेतला सर्वांत प्रसिद्ध खुला प्रश्न म्हणजे पी आणि एनपी यांचा. ज्या प्रश्नाचे उत्तर समोर आल्यावर ते झटपट तपासता येते, ते उत्तर झटपट शोधताही येते का, असा त्याचा आशय आहे. स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये तो नेमक्या शब्दांत मांडला आणि क्ले गणित संस्थेने २००० मध्ये त्यावर १० लाख डॉलरचे बक्षीस ठेवले. नव्या विद्यार्थ्याने थेट याच प्रश्नाला हात घालू नये, एवढा सल्ला मी आवर्जून देतो. त्याच्या भोवतीचे शेकडो लहान प्रश्न सुटण्यासारखे आहेत.

क्वांटम संगणक आल्यावर बँकेचे व्यवहार असुरक्षित होतील का?

धोका खरा आहे, पण तो उद्याचा नाही, आणि त्यावरचा उपाय आधीच तयार होत आहे. आज इंटरनेटवरील बरीच सुरक्षितता मोठ्या संख्येचे अवयव पाडणे अवघड असण्यावर टिकून आहे. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवले की पुरेसा मोठा क्वांटम संगणक हे काम वेगाने करील. किती मोठा, याचे अंदाज मात्र सतत खाली येत आहेत: आरएसए या प्रचलित गुप्तलेखन पद्धतीची २०४८ बिटांची किल्ली फोडण्यासाठी २०१९ च्या एका प्रसिद्ध अंदाजानुसार सुमारे २ कोटी क्युबिट (क्वांटम संगणकातील माहितीची एकके) लागले असते, तर २०२५ च्या अंदाजानुसार १० लाखांहून कमी पुरतील. गूगलच्या डिसेंबर २०२४ मधील विलो चिपवर १०५ क्युबिट होते, म्हणजे अंतर अजून मोठे आहे.

तरीही आजच घाई का, तर आज साठवून ठेवलेला गुप्त मजकूर पुढे उलगडता येऊ शकतो म्हणून. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने अनेक वर्षांच्या खुल्या स्पर्धेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम हल्ल्यासमोर टिकतील अशा पद्धतींची पहिली तीन मानके जाहीर केली. या स्पर्धेतली एक घटना मी प्रत्येक तुकडीला सांगतो. एसआयकेई नावाची पद्धत बऱ्याच फेऱ्या पार करून पुढे आली होती. २०२२ मध्ये बेल्जियममधील ल्युवेन विद्यापीठाच्या वाउटर कास्ट्रिक आणि थॉमस डेक्रू यांनी १९९७ मधल्या एका शुद्ध गणिती प्रमेयाचा आधार घेऊन ती साध्या संगणकाच्या एका कोअरवर सुमारे तासाभरात फोडली. क्वांटम संगणकाची गरजच पडली नाही. जुने गणित नीट वाचलेला माणूस किती मोठे काम करू शकतो, हे यात दिसते.

प्रोग्रॅममध्ये चूक नाही, असे गणिताने सिद्ध करता येते का?

येते, पण त्याची किंमत मोठी आहे. सिडनीतील संशोधकांनी २००९ मध्ये एसईएलफोर या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची संपूर्ण सिद्धता प्रसिद्ध केली. सी भाषेतील सुमारे ८,७०० ओळींसाठी सिद्धतेच्या सुमारे २,००,००० ओळी लिहाव्या लागल्या, आणि त्या सिद्धतेची प्रत्येक पायरी यंत्राने तपासलेली आहे. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत झाविए लेरॉय यांनी कॉम्पसर्ट हा असाच सिद्ध केलेला सी कंपायलर तयार केला. २०११ मध्ये युटा विद्यापीठातील गटाने आपोआप तयार केलेले प्रोग्रॅम निरनिराळ्या कंपायलरना चालवायला देऊन ३२५ हून अधिक चुका शोधल्या. रोजच्या वापरातले सगळे कंपायलर त्यात सापडले, मात्र कॉम्पसर्टच्या सिद्ध केलेल्या भागात चूक मिळाली नाही.

आता सिद्धतेचे श्रम कमी कसे करायचे, हा या शाखेपुढचा प्रश्न आहे, आणि सिद्धता यंत्राकडून तपासून घेणाऱ्या लीनसारख्या साधनांमुळे गणितज्ञही या कामात उतरले आहेत. ज्या विद्यार्थ्याला तर्कशास्त्राची गोडी आहे आणि ज्याच्याकडे साधा लॅपटॉप आहे, त्याने या शाखेचा जरूर विचार करावा. लीन मोफत आहे आणि त्यावर लिहिलेली सिद्धता बरोबर आहे की नाही हे सांगायला मार्गदर्शकही लागत नाही, कारण यंत्रच ते सांगते.

मराठीसाठी जागतिक पातळीवरचे संशोधन होते का?

होते, पण मराठी बोलणाऱ्यांच्या संख्येच्या मानाने फार कमी. अडचण नेमकी कुठे आहे ते एका शब्दावर पाहू. संगणकात ‘शेतकरी’ हा शब्द श, एकार, त, क, र आणि दीर्घ ईकार अशा सहा चिन्हांचा असतो, आणि यूटीएफ-८ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून हा शब्द १८ बाइटांचा होतो. रोमन लिपीतला सहा अक्षरी शब्द सहा बाइटांत बसतो. भाषेची मोठी मॉडेले मजकूर तुकड्यांत कापून वाचतात आणि हे तुकडे ठरवताना इंग्रजी मजकूर भरपूर वापरलेला असल्याने मराठीचे तुकडे फार होतात. तुकडे वाढले की खर्च वाढतो आणि मॉडेलच्या लक्षात एका वेळी कमी मजकूर मावतो. ओपनएआयने २०२४ मध्ये नवी पद्धत आणताना दिलेल्या नमुन्यात एका मराठी मजकुराचे तुकडे ९६ वरून ३३ वर आले होते. म्हणजे ही अडचण निसर्गाने दिलेली नाही. कोणी लक्ष दिले की ती कमी होते.

दुसरी अडचण मराठीच्या घडणीची आहे. शेतकऱ्याला, शेतकऱ्यांपैकी, शेतकऱ्यांसाठीसुद्धा अशी रूपे मूळ शब्द बदलून आणि प्रत्ययावर प्रत्यय चढवून होतात, त्यामुळे शोधयंत्राला ती एकाच शब्दाची रूपे आहेत हे शिकवावे लागते. आयआयटी मुंबईत शब्दांचे अर्थसंबंध नोंदवणाऱ्या मराठी वर्डनेटवर अनेक वर्षे काम झाले आहे, पुण्यातील एलथ्रीक्यूब गटाने मराठीचे डेटासंच आणि महाबर्ट हे मॉडेल खुले केले आहे, आणि आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत गटाने इंडिकव्हॉइसेस या प्रकल्पात २२ भारतीय भाषांचा आवाज गोळा केला आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील संगणकशास्त्र विभागातही मराठी उच्चार ओळखण्यावर पूर्वीपासून काम होत आले आहे.

तरीही नांदेड-लातूरकडचे ‘काय करायलास?’ यंत्राला नीट कळेल, अशी तयारी अजून फारशी नाही. याच भागातील जुने दप्तर घ्या: निजामाच्या काळातील नोंदी मोडीत आणि उर्दूत आहेत, मोडीला युनिकोडमध्ये स्थान २०१४ मध्येच मिळाले, आणि हाताने लिहिलेली, जोडून जोडून वळवलेली मोडी यंत्राने वाचणे हा अजूनही खुला प्रश्न आहे. आफ्रिकेतील तरुण संशोधकांनी मासाखाने या नावाने एकत्र येऊन आपापल्या भाषांचे डेटासंच स्वतः उभे केले आणि ते जगातल्या आघाडीच्या परिषदांत मांडले. मराठवाड्याच्या बोलींसाठी हेच काम येथील मुलेच सर्वांत चांगले करू शकतात, कारण वाक्य बरोबर लिहून घेतले आहे की नाही हे त्यांनाच कळते.

पाऊस, शेती किंवा आपल्या भागातल्या इतर गोष्टींशी या संशोधनाचा काही संबंध आहे का?

थेट संबंध आहे. २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडने ग्राफकास्ट हे हवामानाचे मॉडेल प्रसिद्ध केले. युरोपीय हवामान केंद्राने जतन केलेल्या अनेक दशकांच्या नोंदींवरून ते शिकले असून पुढच्या १० दिवसांचा जागतिक अंदाज ते एका यंत्रावर मिनिटभराच्या आत देते. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतील सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मान्सूनच्या आगमनाचे अंदाज मोबाइलवर पाठवले. त्यासाठी न्यूरलजीसीएम आणि युरोपीय केंद्राचे एआयएफएस या अशाच मॉडेलांचा उपयोग केला गेला. मात्र ग्राफकास्टची एक चौकट सुमारे २८ किलोमीटरची आहे, आणि आपल्याकडे एका शिवारात पाऊस पडतो तेव्हा ओढ्यापलीकडचे शिवार कोरडे असते. ही तफावत कमी करणे हा जगभर चालू असलेला विषय आहे आणि कोरडवाहू प्रदेशाला त्याची गरज सर्वांत अधिक आहे.

पिकांच्या बाबतीत युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची छायाचित्रे कोणालाही मोफत मिळतात आणि त्यांत १० मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. सोयाबीन, कापूस आणि तूर वेगळी ओळखायची तर नेमक्या खरिपातच ढग आड येतात, म्हणून ढगांतून पाहू शकणाऱ्या सेंटिनेल-१ च्या रडार नोंदी जोडीला घ्याव्या लागतात. या दोन नोंदींचा मेळ घालून आंतरपीक असलेले लहान तुकडे ओळखणे हे एम.एस्सी.च्या प्रकल्पाला साजेसे काम आहे. शेतात जाऊन खरे पीक कोणते हे नोंदवणे मात्र टाळता येत नाही.

हिंगोली जिल्ह्यात औंढा परिसरात उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन बाहू असलेल्या या यंत्रातून अखंड येणाऱ्या नोंदींत बहुतांश गोंगाट असतो, आणि त्यात दडलेली क्षीण लहर शोधण्यासाठी अपेक्षित लहरींच्या असंख्य नमुन्यांशी ती नोंद ताडून पाहावी लागते. या पद्धतीच्या पायाभरणीत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील संजीव धुरंधर यांचे काम महत्त्वाचे आहे. नमुने कमीत कमी ठेवूनही लहर निसटू नये आणि दुर्बिणींना काही मिनिटांत इशारा जावा, हे शुद्ध संगणकशास्त्राचे प्रश्न आहेत. ग्रॅव्हिटी स्पाय या खुल्या उपक्रमात यंत्रातील गोंगाटाचे प्रकार सामान्य स्वयंसेवक ओळखून देतात. वसमत किंवा सेनगावच्या विद्यार्थ्यालाही त्यात आजच भाग घेता येतो.

हे संशोधन जगात प्रामुख्याने कुठे चालते?

अमेरिकेतील विद्यापीठे आणि कंपन्या आघाडीवर आहेत, चीनमधील काम गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढले आहे, आणि युरोप, इस्रायल, कॅनडा, जपान, कोरिया, सिंगापूर येथे विशिष्ट शाखांची भक्कम परंपरा आहे. भारतात सिद्धांतासाठी मुंबईची टीआयएफआर, चेन्नईची गणिती विज्ञान संस्था व चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, आणि इतर अनेक शाखांसाठी बंगळुरूची आयआयएससी, आयआयटी व हैदराबादची आयआयआयटी ही नावे प्रथम घ्यावी लागतात. जर्मनीत डागश्टूल येथे १९९० पासून एकेका विषयावर आठवडाभराची निवासी चर्चासत्रे होतात आणि त्यांचे अहवाल मोफत वाचायला मिळतात. एखाद्या शाखेत सध्या लोक कशावर वाद घालत आहेत हे समजून घेण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

शोधनिबंध मोफत कुठे वाचायला मिळतात?

आपल्या शास्त्रात खुलेपणाची परंपरा चांगली आहे. अर्काइव्हवर बहुतेक नवे निबंध मिळतात, भाषाप्रक्रियेचे जवळजवळ सर्व निबंध एसीएल अँथॉलॉजीवर खुले आहेत, प्रणाली आणि सुरक्षेवरील युसनिक्स परिषदांचे निबंधही मोफत असतात. एसीएम या संघटनेने आपले १९५१ ते २००० या काळातले निबंध २०२२ मध्ये खुले केले आणि जानेवारी २०२६ पासून संपूर्ण संग्रह खुला करण्याचे जाहीर केले. कोणी काय लिहिले हे शोधण्यासाठी १९९३ मध्ये जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठात सुरू झालेली डीबीएलपी ही सूची वापरावी. शासकीय महाविद्यालयात किंवा विद्यापीठात शिकत असाल, तर जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘एक देश, एक वर्गणी’ योजनेतून सुमारे १३,००० नियतकालिके मिळतात. ग्रंथपालांकडे त्याची चौकशी करावी. भारतातील प्रबंध शोधगंगेवर असतात.

इंग्रजी निबंध समजतच नाहीत. काय करावे?

पहिल्या वाचनात कोणालाच समजत नाहीत, आणि बहुतेक वेळा दोष इंग्रजीचा नसून पूर्वज्ञानाचा असतो. सारांश आणि प्रस्तावना वाचून, लेखक कोणत्या जुन्या पद्धतीपेक्षा आपली पद्धत चांगली म्हणतो आहे, हे मराठीत दोन वाक्यांत लिहून पाहावे. ते जमले नाही तर पुढे न जाता त्या जुन्या पद्धतीचा निबंध उघडावा. नंतर आकृत्या आणि तक्ते पाहावेत. शेवटी एक लहान उदाहरण हाताने सोडवावे, वर गुणाकाराचे केले तसे. या रीतीने एक निबंध वाचायला पंधरवडा गेला तरी हरकत नाही. वीस निबंधांचे सारांश चाळण्यापेक्षा तो वेळ अधिक कामी येतो.

पैसे भरून आठ दिवसांत निबंध छापून देणारी नियतकालिके चालतात का?

नाही. प्रकाशनाचे शुल्क घेणे हीच काही फसवणूक नव्हे, काही चांगली खुली नियतकालिकेही शुल्क घेतात. परंतु समीक्षा न करता स्वीकृतीचे पत्र पाठवणारे, ई-मेलवर आर्जव करणारे आणि सगळ्या विषयांचे निबंध एकाच अंकात छापणारे नियतकालिक टाळावे. यूजीसीने मान्य नियतकालिकांची आपली केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्यामुळे पारख करण्याची जबाबदारी आता विद्यापीठांवर आणि संशोधकांवर आली आहे. आपल्या शास्त्रात अनेक शाखांचे सर्वोत्तम काम नियतकालिकांत न छापता परिषदांत मांडले जाते, हेही प्रशासनाला समजावून सांगावे लागते. १९८१ पासून दर वर्षी भारतात भरणारी एफएसटीटीसीएस ही सिद्धांताची परिषद जागतिक दर्जाची आहे आणि तिचे निबंध खुले असतात. पीएच.डी.च्या अटी पूर्ण करण्याच्या दडपणाखाली मुले चुकीच्या ठिकाणी पैसे घालवतात याचे मला फार वाईट वाटते, कारण तो पैसा बहुधा घरच्या शेतीतून आलेला असतो.

आमच्या महाविद्यालयात महागडे ग्राफिक्स कार्ड नाही. मग यंत्रशिक्षणात काही करता येईल का?

गूगल कोलॅब आणि कॅगल या संकेतस्थळांवर अशा कार्डांचे ठरावीक तास मोफत मिळतात, आणि लहान मॉडेल, नवा डेटासंच किंवा जुन्या निष्कर्षांची फेरतपासणी यांसाठी ते पुरतात. अब्जावधी घटकांचे मॉडेल मुळापासून घडवण्याचा प्रकल्प घेऊ नये.

संशोधनाला प्रवेश आणि शिष्यवृत्ती कशी मिळते?

संगणकशास्त्र विषयातील नेट, गेट किंवा विद्यापीठाची पेट परीक्षा हे नेहमीचे मार्ग आहेत. जेआरएफ (संशोधनासाठीची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती) मिळाल्यास जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या प्रवर्गांतील पीएच.डी. विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. त्यांच्या जाहिराती आणि अटी वेळोवेळी बदलत असल्याने संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहावे. विषयापेक्षा मार्गदर्शक आधी निवडावा, आणि त्यांचे अलीकडचे दोन निबंध वाचूनच त्यांना भेटावे.

परदेशातील लेखकाला निबंधाविषयी पत्र लिहिले तर उत्तर येते का?

प्रश्न नेमका असेल तर बऱ्याचदा येते. ‘मला आपल्या हाताखाली काम करायचे आहे’ एवढेच लिहिलेली शेकडो पत्रे त्यांच्याकडे रोज येतात आणि ती न वाचता बाजूला पडतात. त्याऐवजी निबंधाचे नाव, पान आणि ओळ द्यावी, तिथे आपण काय करून पाहिले आणि कुठे अडलो हे चार ओळींत सांगावे, आपला प्रोग्रॅम असल्यास त्याचा दुवा जोडावा, आणि एकच प्रश्न विचारावा. मुख्य प्राध्यापकाऐवजी निबंधातील पहिल्या नावाच्या विद्यार्थी-लेखकाला लिहिल्यास उत्तर लवकर मिळते. मात्र सैद्धांतिक निबंधांत लेखकांची नावे बहुधा वर्णक्रमाने असतात, तेव्हा विद्यार्थी कोण हे त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर एकदा नम्रपणे आठवण करून द्यावी आणि तोवर पुढचा निबंध हाती घ्यावा.